बाटलीतल्या बांबूचं वय

बांबूची पानं गळाली की वाऱ्याचा आवाज बदलतो. एरवीची सळसळ जाऊन घासल्यासारखं काहीतरी ऐकू येतं, सुकं सूप भिंतीला लागत राहावं तसं. यंदा पौषात, भद्रावतीच्या आमच्या घरामागे, हा आवाज मी आधी ओळखला आणि मग मान वर केली. कुंपणापलीकडचं मानवेल बांबूचं जुनं बेट राखाडी-पिवळं झालं होतं. हिरवं पान एकही नाही. पेरापेरावर काटेरी गोंड्यांसारखे फुलोऱ्याचे झुबके, आणि त्यांतून लोंबणारे इवलेसे पिवळे परागकोश.

शेजारचे निवृत्त फोरमन गच्चीवर ऊन खात बसले होते. त्यांनी विचारलं, "काय रोग पडला हो सर याच्यावर?"

"रोग नाही. फुलला आहे."

"मग मस्तच झालं की!"

मी हसलो नाही.

बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलून मरतो. चाळीस-पन्नास वर्षं नुसत्या काठ्या वाढवत राहतो, आणि मग एका थंडीत, कुणी आतून हाक मारल्यासारखा, सगळं सोडून फुलायला लागतो. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हा फुलोरा दिसला की त्याच्या बिया खाऊन माजणारे उंदीर आठवतात, उपासमार आठवते. मला दोन बाया आठवतात. एक सासू, एक सून.

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष चालू आहे. नोकरीची शेवटची बरीच वर्षं चंद्रपूरच्या एका ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेचा मी प्रमुख होतो. झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, तो निर्जंतुक बाटलीत वाढवायचा आणि त्याची हजारो रोपं करायची, हे आमचं काम. गावातले लोक त्याला 'बाटलीतला बांबू' म्हणत. त्या कामाने मला मान दिला, व्याख्यानं दिली, निरोपसमारंभात शाल दिली. त्याच कामाच्या एका अहवालात मी एक वाक्य लिहिलं: 'लाभार्थींनी पाणी न दिल्यामुळे रोपे अकाली फुलून वाळली.' हे वाक्य खोटं आहे. लिहिताना मला ते ठाऊक होतं. आज जे लिहितो आहे ते त्या एका वाक्यासाठी.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. अशीच थंडी. मुलचेऱ्याकडच्या जंगलात आम्ही एक उत्तम बेट शोधत होतो. काठ्या सरळ, जाड आणि आतून भरीव हव्यात, म्हणजे त्याची रोपंही तशीच होतील. जंगलात बेटं अगणित. त्यातलं चांगलं कोणतं हे सांगायला बुरडांसारखी माणसं नाहीत. सुपं, टोपल्या, धान्याचे ढोले विणण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या अहवालात ते एकदा नको तसं छापून झालेलं आहे.

त्या गावातली लचमाबाई आमच्यापुढे चालत होती. पन्नाशीची, काटक, नाकात चमकी, कमरेला कोयता. नवऱ्याला खोकला म्हणून ती आली होती, आणि नवरा आला नाही हे बरंच झालं असं तिनं वाटेत तीनदा सांगितलं. "त्याले बांबू समजते, पण सांगता येत नाई. मले दोनी येते." मी दगडाला ठेचकाळलो तेव्हा वळून म्हणाली, "पाय उचलून टाका साहेब. बूट हाय म्हणून जमीन काई सरकत नाई."

तिनं तीन बेटं दाखवली. चौथं मी स्वतः हेरलं. उतारावर, एकटं, उंच. काठ्या अशा की हात फिरवावासा वाटावा. खुणेसाठी मी पिवळ्या रंगाचा डबा मागितला तेव्हा ती म्हणाली, "हे नोको."

"काऊन?" मीही तिच्या बोलीत विचारलं. तिला गंमत वाटावी म्हणून.

"या रांजीले औंदा वास्ते नाई आले." रांजी म्हणजे बेट, आणि वास्ते म्हणजे पावसाळ्यात जमिनीतून वर येणारे बांबूचे कोवळे कोंब. लोक त्यांची भाजी करतात. ती पुढे म्हणाली, "जे बाई लेकरं देणं बंद करते, ते कुठी चालली ते समजून घ्या."

मग तिनं एक काठी तोडली, कोयत्यानं उभी फाडली, आतून एक पातळ कामटी काढली आणि गुडघ्यावर वाकवली. टचकन मोडली. शेजारच्या दुसऱ्या बेटाची कामटी काढून वाकवली. ती वर्तुळ होईपर्यंत वाकली.

"पाहा. जवान असन तं थो वाकते. ही बुढी झाली. माहा नवरा मागल्या फुलोऱ्याच्या सालचा. त्याचे केस पिकले. हिचीबी येळ आली."

मी म्हणालो, "बाई, आम्ही हिचा एक तुकडा नेणार आणि बाटलीत तिला नवा जन्म देणार. लेकरासारखी नवी रोपं होतील."

लचमाबाई हसली. "हात तोडला म्हणून लेकरू होते काय, साहेब? हा तं बुढीचाच हात हाय."

मी तिला समजावून सांगितलं. संप्रेरकं, पोषकद्रव्यं, पेशी पुन्हा कोवळ्या कशा होतात, बाटलीत वय कसं धुऊन निघतं. मला समजावण्याची हौस होती, आणि ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिनं कोयता कमरेला खोचला. "तुमी शिकलेले. असन."

त्या 'असन'वर मी पुढची कितीतरी वर्षं उभा होतो.

रात्री विश्रामगृहात मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं: 'चौथे बेट. नवे कोंब नाहीत. कामटी ठिसूळ. स्थानिक मत: फुलोरा जवळ.' म्हणजे मला समजलं होतं. मी ऐकलं नव्हतं असं मला आज म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेचा वास अजून नाकात आहे. स्पिरिटच्या दिव्याचा, उकळलेल्या अगरचा, आणि आम्ही माध्यमात घालायचो त्या शहाळ्याच्या पाण्याचा थोडा आंबूस. बाहेर चंद्रपूरचं ऊन, कोळशाची धूळ. आत काचेमागे थंड पांढरा उजेड आणि रांगेनं ठेवलेल्या बाटल्या. वीज गेली की आम्ही सगळे हातातलं सोडून जनरेटरकडे धावायचो, घरातलं तान्हं रडल्यावर धावावं तसं. चारही बेटांचे तुकडे आम्ही लावले. तिघांना बुरशीनं खाल्लं. पुन्हा लावले, पुन्हा खाल्लं. चौथं मात्र बाटलीत असं वाढलं की पाहत राहावं. एकाचे चार कोंब, चाराचे सोळा. वर्ष संपत आलं होतं आणि वरून विचारणा सुरू झाली होती.

निवडीचा तक्ता भरायचा होता. त्यात एक रकाना होता: 'चालू वर्षातील नवे कोंब'. मी लिहिलं, 'गुरांनी खाल्ल्याने मोजता आले नाहीत.' गुरांना लिहिता-वाचता येत नाही. हे पहिल्यांदा कामी आलं तेव्हा मला ते खोटं वाटलंही नाही, रकाना भरल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांनी एका सकाळी माझी संशोधन विद्यार्थिनी वंदना दारातूनच म्हणाली, "सर, इकडे या. तुम्हाला एक नवल दाखवते." कोपऱ्यातल्या चार-पाच बाटल्यांत बोटभर उंचीच्या कोंबांना फुलं आली होती. खरी फुलं. भिंगाखाली पिवळे परागकोश हलताना दिसत होते. जे पाहायला माणसाला अर्धं आयुष्य थांबावं लागतं ते टेबलावर, काचेआड, दोन वर्षांच्या कोंबावर. मी आनंदानं खुर्चीवरून उठलो ते पुन्हा बसलोच नाही. शिपायाला पेढे आणायला पाठवलं.

पेढा हातात धरून वंदनानं विचारलं, "सर, बाकीची रोपंपण याच बेटाची आहेत ना? हा महिना संपला की ती गावात जाणार."

"हे संप्रेरकामुळे झालंय. डोस जास्त पडला असेल. मातीत गेली की सगळं विसरतील."

"झाड विसरतं का, सर?"

"आधी यावरचा शोधनिबंध पूर्ण कर," मी म्हणालो.

तो निबंध छापून आला. पुष्कळ लोकांनी वाचला. त्यात त्या बेटाचं वर्णन 'प्रौढ, निरोगी' असं आहे. आणि त्याच बेटाची फुलली नव्हती ती रोपं, पिशव्यांत माती भरून, ट्रकमधून मुलचेऱ्याकडे गेली. एकाच आईचे दोन हात. एक मी दुनियेला दाखवला आणि दुसरा गावात पाठवला.

वय कुठे असतं, हा प्रश्न मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना परीक्षेत घालत आलो. माणसाचं वय दातांत असतं, हाडांत असतं, आवाजात असतं. बांबूचं पेशीत असतं. तुकडा केला म्हणून ते तुटत नाही. एका बेटाची काठी घेऊन शंभर कोसांवर लावली तरी दोन्ही एकाच थंडीत फुलायला उठतात. हे तेव्हाच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं होतं. लचमाबाईच्या गुडघ्यावरही लिहिलेलं होतं. मी दोन्ही ठिकाणी वाचलं आणि तरी ठरवलं की बाटली ही काहीतरी वेगळी गोष्ट असते. बाटली माझी होती ना.

बुरडांना तेव्हा जंगलखात्याच्या डेपोतून कार्डावर बांबू मिळायचा. कधी यायचा, कधी नाही. कधी आलेला किडका निघायचा. स्वतःच्या बांधावर स्वतःचा बांबू असावा हे त्यांचं फार जुनं मागणं. रोपं उतरवताना लचमाबाई म्हणाली, "आता डेपोच्या फाटकाशी हात जोडून उभं राहाचं काम नाई." मग एक रोप उचलून नाकाशी धरलं, मुळं पाहिली आणि माझ्याकडे पाहून तेच पुन्हा एकदा म्हणाली. "असन."

तिची सून शेवंता तेव्हा नवी नवरी होती. एकोणीस-वीस वर्षांची, बारीक, चालताना पुढे झुकणारी. त्यांच्या बांधावरच्या रोपांना पाणी घालणं तिच्याकडे आलं. गावच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, खांद्यावर कावड घेऊन ती दोन उन्हाळे रोज सकाळी पाणी आणायची. मी हे ऐकीव सांगत नाही. मी पाहणीला जायचो तेव्हा पाहिलं आहे. प्रत्येक रोपाभोवती तिनं बोराट्यांचं कुंपण केलं होतं आणि माती सुकू नये म्हणून पळसाची पानं अंथरली होती. एकदा कावड खाली ठेवून धापा टाकत म्हणाली, "साहेब, तुमची रोपं सासूपेक्षा जास्त सेवा मांगतात."

लचमाबाई मागून ओरडली, "आयकलं वं म्या! रोपं तुले शिव्या नाई देत, येवढाच फरक हाय."

आम्ही तिघंही हसलो. त्या दिवशी मी वहीत लिहिलं: 'प्लॉट उत्तम. पाणी नियमित.' माझंच अक्षर आहे. ती वही आज समोर आहे.

रोपं चांगली वाढली. माणसापेक्षा उंच झाली. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका थंडीत मुलचेऱ्याच्या टेलिफोन बूथवरून लचमाबाईचा फोन आला. "साहेब, बांबूले काय तरी झालं. या."

मी गेलो. बूथच्या बाजूला, बंगाली वसाहतीतल्या एका माणसाच्या टपरीवर चहा घेतला आणि तो संपवायला फार वेळ लावला. तिथून जंगल दिसत होतं. गावात पोचलो तेव्हा सगळ्या बुरड कुटुंबांच्या बांधांवर एकच देखावा होता. पानं गेलेली, काठ्यांवर झुबके. जाड झाल्या नव्हत्या त्या काठ्या आता कधीच होणार नव्हत्या. पोरासोरांच्या वयाची म्हातारी झाडं. शेवंता एका रोपाशी उकिडवी बसून मातीत बोट घालून पाहत होती, ओल किती आहे ते.

मी कुणाशी फार बोललो नाही. दुपारी जीप रस्त्यावर ठेवली, ड्रायव्हरला तिथेच थांबवलं आणि एकटा उतारावर चढलो. मूळ बेट तसंच फुललं होतं, त्याच थंडीत. खाली गळलेली पानं पसरली होती आणि पायाखाली चुरचुर आवाज येत होता. बुंध्याशी आम्ही लावलेला अॅल्युमिनियमचा क्रमांकाचा पत्रा अजून होता. तिथे उभा राहून मी एवढं तरी म्हणायला हवं होतं की बाई, तुझं खरं होतं. मी पत्रा पिरगाळून काढला आणि खिशात घातला. दुसऱ्या कुणी ते बेट शोधून काढू नये म्हणून. यंदाच्या थंडीपर्यंत हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, घरातही नाही.

मग पंधरा दिवसांनी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. बाहेरून दोन अधिकारी आले होते. अहवाल मीच मराठीत वाचला, सगळ्यांना समजावा म्हणून. पाण्याचा ताण पडला की बांबू अकाली फुलतो, गुरांनी शेंडे खाल्ले की झाड खचतं, लाभार्थींनी काळजी घेतली नाही. गुरं दुसऱ्यांदा कामी आली. नमुना म्हणून एका प्लॉटचं नाव घालावं लागतं. सगळ्यात जवळचा म्हणून मी लचमाबाईंचा घातला होता.

ती उभी राहिली. "साहेब, थे रांजीच बुढी होती. म्या तवाच..."

"बाई," मी म्हणालो, "बाटलीतल्या रोपाला वय नसतं. तेव्हाच सगळं समजावून सांगितलं होतं ना?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हळू म्हणाली, "हो. सांगतलं होतं." आणि मागे वळून बायांमध्ये बसलेल्या सुनेला विचारलं, "शेवंता, तुनं पाणी टाकलं होतं ना वं?"

"टाकलं ना, माय. रोज टाकलं."

"मंग साहेब खोटं लिवते का?"

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं होतं तिला कावड घेऊन येताना, आणि मी पाहिलं होतं हे तिला माहीत होतं. मी हातातले कागद सारखे केले आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

बेटाचं वय न ओळखणं ही चूक होती असं म्हणता आलं असतं. चूक शास्त्रात चालते, दुसरा कुणी येऊन ती दुरुस्त करतो. पण मी वय ओळखलं होतं. एका अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बाईनं मला ते दाखवलं, मी तिला तिच्याच डोळ्यांबद्दल शंका घ्यायला शिकवलं, आणि माझ्यावर ठेवलेला तोच विश्वास तिच्या सुनेविरुद्ध फिरवला.

त्यानंतर त्या गावाला रोपं पुन्हा मिळाली नाहीत. 'काळजी न घेणारे गाव' असा शेरा कुठल्याशा यादीत गेला. तीन-चार वर्षांनी चंद्रपूरच्या बसस्थानकावर त्या गावचा एक जण भेटला. त्यानं सहज, हसत सांगितलं की लचमाबाईची चूल वेगळी झाली, आणि शेवंताला आता बाया 'कोरड्या हाताची' म्हणतात. भाताची रोवणी आली की तिला कुणी बोलावत नाही. कोरड्या हातानं लावलेलं रोप धरत नाही म्हणे. "लोकायचं काय साहेब, लोक कायबी बोलतात," तो म्हणाला आणि गाडी आली म्हणून धावला.

मी त्या आठवड्यात जायचं ठरवलं. मग परिषद होती. मग निवृत्ती आली. मग बायकोचं आजारपण. कारणं सगळी खरी होती, हेच त्यांचं वाईट. त्या योजनेचं कार्यालय आता राहिलेलं नाही. माझा अहवाल कधीच रद्दीत गेला असेल. कागद मेला तरी वाक्य मात्र गावात जिवंत होतं.

कुंपणापलीकडचा फुलोरा पाहून आठ दिवसांनी मी निघालो. मुलगा म्हणाला, या वयात एवढी बस कशाला, पत्र पाठवा. मी म्हणालो, तिथे पत्रानं व्हायचं नाही. भद्रावतीहून चंद्रपूर, मग गडचिरोली, मग पुढची गाडी. दोन पानांवर सगळं लिहून नेलं होतं आणि वाटेत ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद विरला.

शेवंता अंगणात सूप विणत होती. केस पांढरे झाले आहेत. तिनं मला लगेच ओळखलं आणि उठली नाही. नवरा आत कामट्या काढत होता. त्याचा कोयता एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"लचमाबाई?" मी विचारलं.

"गेली. तीन सालं झाली."

मी उभाच राहिलो. मग तिनं पायानं पाट सरकवला. मी बसून दोन्ही पानं वाचून दाखवली. बेटाचं वय, तक्त्यातला रकाना, बाटलीतली फुलं, उतारावरचा पत्रा, माझ्या वहीतलं 'पाणी नियमित'. ती विणत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे मले काऊन सांगून राह्यले? मले तं माहीतच होतं. पाणी म्याच टाकलं ना."

मी म्हणालो, "लचमाबाईंना सांगायला हवं होतं."

"बुढीचं शेवटचं पाणी माह्याच हातचं होतं, साहेब. म्याच पाजलं." तिनं सुपाची कड आवळली. "पण पेयाच्या आधी तिनं माह्या हाताकडं पाह्यलं. रोजच पाहे. लय सालं झाली, तिची नजर तेवढी नाई गेली."

आतला कोयता आता थांबला होता. शेवंतानं दाराकडे न पाहता आवाज चढवला. "आयकलं ना?"

मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "बसा. चार वाजता शाळेत बायायची सभा हाय. तिथी वाचा. मले वाचून काय फायदा?"

तोच व्हरांडा. फरशी नवी आहे. पंचवीस-तीस बाया होत्या. काहींना मी तेव्हाच्या बैठकीत पाहिलं असेल. शेवंता मागे बसली. मी वाचलं. मध्ये एका पोरीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. वाचून झाल्यावर कुणी रागावलं नाही. रागावलं असतं तर सोपं गेलं असतं. पुढे बसलेली एक म्हातारी, बहुधा लचमाबाईच्या वयाची, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मंग तवाच काऊन नाई सांगतलं, भाऊ?"

"भीती वाटली," मी म्हणालो.

"कोणाची?"

मी तोंड उघडलं. बढती, निबंध, वरचे साहेब, मिळायचं मानचिन्ह. त्या बायांपुढे यांतलं एकही नाव मोठ्यानं घेता येईना. त्यांतल्या कुणीही मला मारणार नव्हतं, उपाशी ठेवणार नव्हतं, रोवणीला बोलवायचं थांबवणार नव्हतं.

सभेचं लिहून घेणारी बाई तरुण होती, अक्षर सुबक. तिनं लिहिलं होतं ते वाचून दाखवलं: 'शेवंताबाईंनी रोपांना दोन उन्हाळे रोज पाणी टाकले होते. साहेबांनी तेव्हा खोटे लिहिले. भीती वाटली म्हणून.' मग पेन उचलून विचारलं, "साहेब, येवढंच लिवू, का कोणाची तेबी लिवू?"

"थोडी जागा सोडा," मी म्हणालो. "आठवून सांगतो."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मागून शेवंताचा आवाज आला.

"एकच ओळ सोड वं. जास्त नोको. साहेबाले लय लिवाची सवय हाय."